लाट बंदरातली आणि लाट बोलण्यातली

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. विषय होता, ‘वाढती महागाई आणि सामान्य माणूस’. महागाईची त्सुनामी आली आहे आणि तिच्या तांडवात गोरगरिबांचे संसार वाहून चालले आहेत, अशी मी मोठ्या आवेशात सुरुवात केली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडतात असे दिसल्यावर सात मिनिटांत तो शब्द मी आणखी चार वेळा वापरला.

प्रमाणपत्र घेऊन सुटीत गावी गेले. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. घरापासून समुद्र फार तर दोनशे पावलांवर. बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आई बाजारात मासळी विकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या बक्षिसाचे घरात कोण अप्रूप! रात्री जेवणे आटोपल्यावर बाबांनी सबंध भाषण मला म्हणून दाखवायला लावले. ते फाटलेले जाळे सांधत बसले होते. भाषण संपले. हात न थांबवता त्यांनी विचारले, ‘‘पोरी, ही चुनामी आली तर माणसानं करायचं काय?’’

‘चुना’ या शब्दातला ‘च’ आपण जसा उच्चारतो तसा त्यांचा उच्चार होता. मी शहाणपणाने दुरुस्ती केली, ‘‘चुनामी नाही बाबा, त्सुनामी.’’

‘‘बरं, तुझी ती. पण आली तर करायचं काय? आपण तर पाण्याच्या कडेलाच राहतो.’’ आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, ‘‘आणि महागाई दर्यातनं येते काय गो?’’

मित्रहो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला देता आले नाही. पाच वेळा वापरलेल्या शब्दाविषयी मला पाच वाक्येही सांगता येऊ नयेत याची लाज वाटली. सुटी संपल्यावर ग्रंथालयात बसून जे वाचले आणि त्यावरून जे मनात आले, ते आपल्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे.

‘त्सुनामी’ हा जपानी शब्द. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. बंदरातली लाट, एवढाच त्याचा साधा अर्थ. (उच्चाराच्या बाबतीत बाबाच बरोबर होते, हे नमूद केले पाहिजे. आपल्या ‘चुना’ या शब्दाच्या आरंभीचा ध्वनी आणि जपानी ‘त्सु’मधला ध्वनी जवळजवळ सारखेच आहेत. इतर अनेक भाषांना हा ध्वनी जड जातो. मराठी माणसाच्या तोंडात तो जन्मापासून आहे. मी मात्र पुस्तकातल्या जोडाक्षराच्या बळावर बापाची चूक काढायला निघाले होते!)

पण बंदरातलीच लाट का? भर समुद्रातली का नाही? याचे कारण जे मासेमारी करतात त्यांना चटकन पटेल. समुद्राच्या तळाशी भूकंप होऊन तळ वरखाली झाला, की वरचे सबंध पाणी ढकलले जाते. चार हजार मीटर खोल पाण्यात ही लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ जेट विमानाच्या वेगाने धावते. पण तेथे तिची उंची बहुधा एक मीटरही नसते आणि तिची लांबी शेकडो किलोमीटर असू शकते. वरून जाणाऱ्या होडीला तिचा पत्ताही लागत नाही. किनारा जवळ आला, पाणी उथळ झाले, की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी जपानच्या ईशान्येकडील सानरिकू किनाऱ्यावर हेच घडले. भूकंपाचा हादरा सौम्य होता, म्हणून कोणी पळाले नाही. सुमारे २२,००० माणसे मेली. समुद्रात गेलेल्या कोळ्यांना मात्र काहीच जाणवले नव्हते. ते मासळी घेऊन परत आले तेव्हा बंदराच्या तोंडाशी त्यांना घरांची लाकडे आणि आपल्याच माणसांची प्रेते तरंगताना दिसली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. ‘बंदरातली लाट’ हा शब्द पंडितांनी कोशासाठी बनवलेला नाही. ज्यांना समुद्रात काही झाले नाही आणि ज्यांचे घर बंदरात बुडाले, अशांच्या जगण्यातला तो आहे. सानरिकूच्याच किनाऱ्यावर १६११ मध्ये झालेल्या आपत्तीच्या जुन्या नोंदीतही तो आढळतो. म्हणजे त्याचे वय चारशे वर्षांहून अधिक आहे.

आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. सुमात्राजवळच्या भूकंपातून उठलेल्या त्या लाटांनी चौदा देशांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे नेली. तामिळनाडू, अंदमान-निकोबार, पुदुच्चेरी, केरळ आणि आंध्र मिळून भारतात दहा हजारांहून अधिक. ही घटना माझ्या जन्माच्या आधीची. मला कळू लागले तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रात पक्का बसला होता. पण मी तो पाण्यापेक्षा इतर गोष्टींसाठी वापरलेलाच अधिक वाचला. २००८ मध्ये जगभर अन्नधान्याचे भाव भडकले, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुखांनी त्याला मूक त्सुनामी म्हटले होते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतर वृत्तपत्रांना ‘लाट’ हा शब्द अपुरा वाटला आणि मथळ्यांत त्सुनामी आली. करोनाच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने ही दुसरी लाट नसून त्सुनामी आहे असे उद्गार काढले. इंग्रजीत तर म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढण्याला ‘रुपेरी त्सुनामी’ म्हणतात. म्हणजे माझी आजी ही एक आपत्तीच झाली की!

येथे कोणी म्हणेल, यात बिघडले काय? शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ आपण वर्गात शिकतोच. भाषा लाक्षणिक अर्थानेच वाढते. हे मला मान्य आहे. आपल्या मराठीत समुद्राचे किती शब्द असे घरात येऊन बसले आहेत! आनंदाला उधाण येते, उत्साहाला भरती येते, लोकप्रियतेला ओहोटी लागते. ज्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही असा विदर्भातला माणूसही हे शब्द सहज वापरतो, आणि त्याला कोणी हरकत घेऊ नये. आमच्याकडे उधाण म्हटले की होड्या वर ओढून घ्याव्या लागतात, दारापर्यंत पाणी येते. तेव्हा आनंदाला उधाण आले हे ऐकून बाबांना हसू येते खरे. पण तेही ते मान्य करतात. कारण तो अलंकार खोटा नाही. उधाण अमावस्या-पौर्णिमेला येते, फुगते आणि ओसरते. पुढे भांगाचे दिवस येतात. माणसाचा आनंदही तसाच फुगतो आणि ओसरतो. भरतीनंतर ओहोटी ठरलेली, तसेच लोकांच्या प्रेमाचेही. ज्याने हे शब्द प्रथम असे वापरले त्याला समुद्राची चाल ठाऊक होती. त्याने आकारासोबत समुद्राचा स्वभावही उचलला.

त्सुनामीच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. आपण तिचा फक्त आकार उचलतो. ‘पुष्कळ’ म्हणायचे असेल तर लाट, ‘फार पुष्कळ’ म्हणायचे असेल तर त्सुनामी! तिच्या स्वभावातले काहीच आपल्या वाक्यात येत नाही. ती पुष्कळदा येण्यापूर्वी समुद्राला मागे ओढते आणि उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडताना पाहून माणसे पुढे धावतात. ती एक नसते, एकामागून एक येते, आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असे नाही. ती चंद्राचे ऐकत नाही, म्हणून पंचांगात तिची तिथी नसते. या सर्व गोष्टी त्या शब्दाच्या पोटात आहेत. आणि त्या तेथे असणे हा माणसाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

याची साक्ष देण्यासाठी एक छोटे बेट पुरेसे आहे. २००४ च्या भूकंपाच्या केंद्राजवळच इंडोनेशियाचे सिमेउलुए हे बेट आहे. तेथे १९०७ मध्ये मोठी त्सुनामी येऊन गेली होती. त्या लोकांनी तिला आपल्या भाषेत ‘स्मोंग’ असे नाव दिले, आणि आजी-आजोबांनी मुलांना गाण्यांतून व गोष्टींतून सांगून ठेवले, की जमीन जोराने हलली आणि मागोमाग समुद्र आटला तर तो स्मोंग, डोंगराकडे धावायचे. २००४ मध्ये जमीन हलली आणि ‘स्मोंग’ अशी आरोळी उठली. बेटावर पाऊण लाखाहून अधिक वस्ती. मृत्यू दहाहून कमी. जवळच्या आचेच्या किनाऱ्यावर लाखाहून अधिक माणसे गेली. स्मोंग हा शब्द केवळ वर्णन करणारा नव्हता. तो आज्ञार्थी होता.

जपानमध्येही असे शब्द जपले आहेत. सानरिकूच्या बोलीत ‘तेन्देन्को’ म्हणून एक शब्द आहे. अर्थ, ज्याने त्याने आपापले. त्सुनामी आली की कोणी कोणाची वाट पाहायची नाही, बापाने मुलाला शोधत बसायचे नाही, प्रत्येकाने उंचावर धावायचे आणि बाकीचेही धावले असतील असा विश्वास ठेवायचा. ऐकायला निर्दय वाटते. पण वाट पाहण्यात आणि शोधण्यात घरेच्या घरे बुडाली, त्या अनुभवातून ही शिकवण निघाली आहे. मियाको शहरातील आनेयोशी या वस्तीत १९३३ च्या आपत्तीनंतर एक दगड उभा केला आहे. या जागेच्या खाली घरे बांधू नका, असे त्यावर कोरले आहे. वस्तीने ते ऐकले. ११ मार्च २०११ रोजी आलेले पाणी त्या दगडाच्या खालीच थांबले.

त्याच दिवशीच्या दोन शाळांच्या हकीकती मी कधी विसरणार नाही. कामाइशी शहरात एका माध्यमिक शाळेची मुले हादरा संपताच धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागाही पुरेशी उंच नाही असे वाटून ती आणखी वर गेली. सुमारे ५७० मुले वाचली. दुसरी शाळा इशिनोमाकी शहरातील ओकावा. शाळेच्या मागेच टेकडी होती. मुले मैदानात उभी होती. काय करावे याचा निर्णय होईना. पाऊण तास तसाच गेला. ७४ मुले आणि १० शिक्षक मृत्यू पावले वा बेपत्ता झाले. ‘त्सुनामी’ हा शब्द तेथे सर्वांना ठाऊक होता. पण शाळेच्या आपत्ती-नियमांत त्या शब्दापुढे कोठे जायचे हे नीट लिहिलेले नव्हते. पालक न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयात शाळा व प्रशासन यांची जबाबदारी कायम झाली.

२०११ मध्ये जपानात अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यानंतर त्या देशाने जी दुरुस्ती केली तिच्यात भाषेचीही दुरुस्ती होती, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या दिवशीच्या पहिल्या इशाऱ्यात काही भागांना तीन मीटर उंचीचा अंदाज दिला गेला होता. प्रत्यक्ष पाणी त्याच्या कितीतरी पट आले. म्हणून २०१३ पासून फार मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या इशाऱ्यात आकडा न देता ‘प्रचंड’ असा शब्दच देण्याची पद्धत सुरू झाली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या वृत्तनिवेदिकेने नेहमीचा शांत स्वर टाकून अक्षरशः ओरडून लोकांना पळायला सांगितले. जेथे शब्दाचा वाच्यार्थ जिवंत असतो तेथे तो असा उच्चारला जातो.

याचा अर्थ जपानी लोक तो शब्द लाक्षणिक अर्थाने कधी वापरतच नाहीत, असा नव्हे. २००० साली तेथील एका लोकप्रिय वाद्यवृंदाचे ‘त्सुनामी’ याच नावाचे गाणे आले. ते प्रेमगीत होते आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण २०११ नंतर नभोवाणी केंद्रांनी ते लावणे टाळले आणि वाद्यवृंदानेही कित्येक वर्षे ते रंगमंचावर म्हटले नाही. कायद्याने बंदी आलेली नव्हती. ज्याची माणसे वाहून गेली त्याच्या कानावर हा शब्द गाण्यातून पडू नये, एवढाच संकोच होता. एखाद्या अलंकारालाही सुतक पाळता येते, हे मला तेथे प्रथम कळले.

आता बाबांचा दुसरा प्रश्न. महागाई दर्यातून येते काय?

हा प्रश्न मला पहिल्याहून अधिक टोचला. आपण महागाईला त्सुनामी म्हणतो तेव्हा नकळत असे सुचवतो, की ही निसर्गाची करणी आहे. हिला कोणी आणले नाही, हिला कोणी अडवूही शकत नाही. पण डिझेलचा भाव ठरवणारी माणसे असतात. बर्फाचा भाव ठरवणारी, साठा करणारी, कर बसवणारी, धक्क्यावर मासळीचा भाव पाडणारी माणसेच असतात. त्यांना नावे असतात, कचेऱ्या असतात, त्यांना जाब विचारता येतो. लाटेला कोण जाब विचारणार? म्हणजे मी ज्या गरिबांची बाजू मांडायला उभी राहिले होते, त्यांच्या हातून माझ्याच अलंकाराने जाब विचारण्याचा हक्क काढून घेतला. आणि टाळ्याही मिळवल्या!

हा केवळ माझ्या भाषणातला दोष नाही. खऱ्या त्सुनामीच्या आडूनही माणसे हेच करतात. फुकुशिमाचे अणुवीज केंद्र २०११ च्या पाण्यात सापडले, तेव्हा ही लाट कल्पनेपलीकडची होती, असा बचाव वारंवार केला गेला. पण त्याच कंपनीच्या अंतर्गत हिशेबात २००८ सालीच पंधरा मीटरहून उंच पाण्याची शक्यता निघाली होती. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने जुलै २०१२ मध्ये स्पष्ट निष्कर्ष दिला, की हा अपघात मानवनिर्मित आहे. लाट खरी होती, तरी सगळा दोष लाटेचा नव्हता. मग जेथे लाट मुळीच नाही तेथे तिच्या नावावर दोष टाकून मोकळे होणे कितपत योग्य?

आमच्या मराठीच्या सरांशी मी या विषयावर बोलले. ते हसून म्हणाले, ‘‘शब्दांवर पहारे बसवू नकोस. शब्द पहारेकऱ्याला चुकवून जातात.’’ सरांचे म्हणणे रास्त आहे. हा शब्द फक्त पाण्यासाठीच राखून ठेवा, असे मला म्हणायचेही नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने तो वापरला, तेथे मला तो शोभलेला वाटतो. पहिली लाट ओसरली, लोक निर्धास्त होऊन किनाऱ्यावर परतले आणि मग मोठी लाट आली. त्सुनामीचा स्वभाव तंतोतंत असाच असतो. तेथे अलंकार काही शिकवून जातो. माझी विनंती इतकीच आहे, की शब्द वापरताना त्याच्यामागचे ज्ञानही बरोबर न्यावे. केवळ मोठा आवाज काढायचा असेल तर मराठीत पूर आहे, वणवा आहे, वावटळ आहे. नाहीतर ‘भाव दुप्पट झाले’ असे साधे वाक्यही आहे, आणि ते पुष्कळदा अधिक बोचते.

कोणी म्हणेल, आपला किनारा पश्चिमेचा. आपल्याला त्या वाच्यार्थाशी काय कर्तव्य? त्यांनी २८ नोव्हेंबर १९४५ ही तारीख पाहावी. त्या पहाटे आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्यावर भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. तेथे माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. मी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारत हिंडले. वादळे सगळ्यांना ठाऊक, बुडालेल्या गलबतांची नावे तोंडपाठ. पण अशा पाण्याची गोष्ट एकालाही सांगता आली नाही. सिमेउलुएच्या लोकांनी १९०७ ची आठवण शब्दात बांधून ठेवली. आमच्याकडे शब्दच नव्हता. आता शब्द आला आहे, तर तो आम्ही निवडणुकीला आणि महागाईला देऊन टाकला. हैदराबादला २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र काम करते आहे. पण उद्या तेथून इशारा आलाच, तर तो शब्द ऐकून आमच्या आळीतल्या माणसाला टेकडी आठवेल की निवडणूक, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा गावी गेले तेव्हा उत्तरे घेऊन गेले. बाबांना सांगितले, जमीन जोराने किंवा खूप वेळ हलली, समुद्र अवेळी आटला किंवा तिकडून मोठा घोंगावणारा आवाज आला, की इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जायचे. पहिली लाट गेली म्हणून सामान घ्यायला परतायचे नाही. आणि होडी खोल समुद्रात असेल तर बंदरात आणायची नाही, तेथेच थांबायचे.

बाबांनी जाळे खाली ठेवले. म्हणाले, ‘‘म्हणजे मी दर्यात असलो तर तुम्ही माझी वाट बघायची नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘आणि मीही तुमच्यासाठी परतायचं नाही.’’

‘‘नाही बाबा.’’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर वादळाची चाहूल लागताच घराच्या ओढीने बंदर गाठले, त्याला हे ऐकणे सोपे नव्हते. मग आई आतून म्हणाली, ‘‘आजीला तेवढं आधी उठवायला हवं. देवळाच्या चढणीला तिला वेळ लागतो.’’ त्या रात्री आमच्या घरात आजीचा हात कोणी धरायचा आणि कोणत्या वाटेने चढायचे, हे ठरले.

मित्रहो, स्पर्धेत त्या शब्दाला टाळ्या मिळाल्या होत्या. घरी त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. पण तेथे तो प्रथमच कामाला आला. आपण भाषा शिकणारी मुले. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आपण बोललेला शब्द खरा मानून चालणारी माणसे आहेत. तेव्हा शब्द उचलताना त्याचे वजन पाहून उचलावा, इतकेच मला सुचवायचे आहे. यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पुन्हा नाव दिले आहे. विषय कोणताही निघो, ‘त्सुनामी’ हा शब्द मी वापरला तर तो एकदाच वापरीन, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात ती आली तर काय करायचे ते सांगेन.